सोळा भाज्या, दोन गोळ्या

कौशल्याबाई सापाला भीत नसे. मळ्यात वांग्याच्या ओळीत नाग निघाला, तर हातातलं खुरपं बाजूला ठेवून ती म्हणे, जा बावा आपल्या वाटेनं, मले अजून चार ओळी निंदायच्या आहेत. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक तिनं दोनदा खाल्ला होता, तरी तिसऱ्यांदा बटण दाबायला तीच गेली. अशी बाई. पण दोन हजार चार सालच्या माघात एका सकाळी गोठ्यामागं, जिथं ती आडोशाला बसत असे, तिथल्या ओल्या मातीला मुंग्या लागलेल्या तिनं पाहिल्या आणि ती भ्यायली. भिंतीला धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग बादलीभर पाणी आणून ओतलं. मुंग्या वाहून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या.

मुंग्यांचा अर्थ तिला कोणी सांगायची गरज नव्हती. शेजारच्या शकुंतलाबाईच्या मोरीत दोन वर्षांपूर्वी अशाच मुंग्या झाल्या होत्या. पुढं बाभळीच्या काट्याचं निमित्त झालं, शकुंतलाबाईचा अंगठा काळा पडला. आधी तो काढला, मग पाऊल, मग घोट्याच्या वरपर्यंत पाय. आता ती ओसरीत खाटेवर बसून असे, आणि तिची सून तिचं ताट-वाटी वेगळी घासत असे. साखरेची बिमारी काय खरकट्यातून पसरते? पण सांगणार कोण त्या सुनेला. आणि त्यातही वाईट हे, की शकुंतलाबाई आणि कौशल्याबाई दोघींची गर्भाची पिशवी एकाच साली, एकाच दवाखान्यात, आठ दिवसांच्या अंतरानं काढलेली होती. एकीचा पाय गेला. दुसरी रोज निजताना पांघरुणात आपल्या पायाची बोटं चाचपून मोजत असे.

पिशवीची गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. कौशल्याबाई तेव्हा पस्तिशीची होती. चार महिने अंगावरून जाणं थांबेना, तोंड पांढरंफटक पडलं, तेव्हा सासूनं, म्हणजे चतुराबाईनं, स्वतः तिला वर्ध्याच्या एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, पिशवी खराब झाली आहे, लेकरं झाली, आता तिचा उपयोग काय, काढून टाकू. घरातल्यांनी अंगठे दिले. पिशवीसोबत आणखी काय काढलं हे कोणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. आठव्या दिवशी टाके काढून ती घरी आली. रक्त थांबलं होतं, तेवढंच सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर मात्र अंगात काहीतरी भलतंच सुरू झालं. बसल्या जागी छातीतून वाफ उठे, मानेवरून डोक्यापर्यंत चढे, घामानं झंपर भिजे, आणि पाच मिनिटांत सगळं गार. दिवसातून दहादा. पुढं वाफा कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. पोटाचा घेर वाढला. जी बाई भाजीचं टोपलं डोक्यावर घेऊन सेलूच्या बाजारापर्यंत चालत जाई, ती बांध चढताना धापा टाकू लागली. बायका म्हणत, आता काय कौशल्याबाई, सुटली तू, अंगावर मांस धरलं. ती हसे. सुटली कसली, आतून बाई कोणीतरी घर रिकामं करून गेल्यासारखं वाटत होतं, पण हे सांगायचं कोणाला आणि कोणत्या तोंडानं.

एक गोष्ट तेवढी तिच्या पदरात पडली होती. आता महिन्याची अडचण नव्हती. त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, भादव्यात तीन दिवस माहेरी यायच्या. दुसऱ्या दिवशी मोठा नैवेद्य. पुरणपोळी, ज्वारीची आंबील, कढी, वडे आणि सोळा भाज्यांची भाजी, आणि त्या सोळाच्या सोळा त्यांच्याच मळ्यातल्या. हा स्वयंपाक कडक सोवळ्यात व्हायचा. करणारणीनं पहाटे डोक्यावरून न्हायचं, ओलेत्यानं चुलीपाशी जायचं, आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. मिठाची चवसुद्धा घ्यायची नाही. आधी दरवर्षी चतुराबाईच्या जिवाला घोर असे, की ऐन वेळी सून बाहेर बसली तर काय. ऑपरेशन झालं त्याच वर्षी तिनं सोवळ्याची पेटी कौशल्याबाईच्या हवाली केली. म्हणाली, आता तुले काही अडचण नाई, आता मरेपर्यंत देवीचं तूच कर. गावातल्या बायका तेव्हापासून कौशल्याबाईकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागल्या. ऑपरेशननं तिचं जे काय नेलं ते नेलं, बदल्यात हा एवढा मान दिला होता, आणि तो तिनं घट्ट धरून ठेवला होता.

तर मुंग्या दिसल्या, आणि पंधरा दिवसांनी माहेरी जाते असं सांगून ती एकटीच सेवाग्रामच्या दवाखान्यात गेली. रक्त दिलं, लघवी दिली. संध्याकाळी एका डॉक्टरीणबाईनं तिला समोर बसवलं आणि अठ्ठ्याण्णव सालचा कागद मागितला. तो तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आणला होता. डॉक्टरीणबाईनं तो दोनदा वाचला. मग सावकाश समजावून सांगितलं, की पिशवीसोबत दोन्ही बाजूची अंडाशयंही काढलेली आहेत. ती नुसती लेकरांसाठी नसतात, बाईच्या हाडांना, हृदयाला, रक्तातल्या साखरेलाही ती सांभाळून घेत असतात. वयाच्या आधी ती काढली, की काहीजणींचं पोट सुटतं, ब्लडप्रेशर चढतं, साखर वाढते. सगळ्यांना होत नाही. तुम्हाला झालं आहे. पाय रोज बघायचे, चालायचं, गोड टाळायचं, आणि एक गोळी रोज सकाळी.

शेवटी त्या बाईनं बोट उचलून सांगितलं, "गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. उपास असेल त्या दिवशी गोळी नाही. घाम सुटला, हात थरथरले, तर लगेच तोंडात साखर टाकायची आणि इकडं यायचं. ह्या गोळीचा जोर दिवसभर राहतो. एकदा बरं वाटलं म्हणून बसून राहू नका."

कौशल्याबाईनं मान डोलावली. तिनं ऐकलं सगळं, पण त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर शकुंतलाबाईची खाट होती. बाहेर पडताना तिच्या डोक्यात दोनच गोष्टी राहिल्या होत्या. गोड म्हणजे पाय जाणार, आणि गोळी म्हणजे पाय वाचणार.

घरी तिनं कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला, किशोररावांना, सांगितलं असतं तर ते आईला सांगणार, चतुराबाई आपल्या लेकीला सांगणार, आणि आठ दिवसांत सगळ्या गावात होणार. मग वेळेवर खा, वेळेवर झोप, चुलीजवळ बसू नको. ज्या बाईला वेळेवर खावं लागतं ती सोवळ्याचा स्वयंपाक कसा करणार? पेटी परत द्यावी लागणार. आणि मग तिचं ताटही एक दिवस वेगळं घासलं जाणार. तिनं गोळ्यांची पट्टी कापून पदराच्या गाठीत ठेवली. लेक आचल अकरावीला सेलूला जात असे. तिनं एकदा विचारलं, आई, गाठीत काय आहे. तर हिनं तिच्यावरच डोळे वटारले. सहा महिने असेच गेले. मुंग्या कमी झाल्या, आणि तिला वाटलं, जमलं आपल्याला.

मग भादवा आला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पहाटे साडेचारला ती उठली. न्हाणीत पाणी तापत होतं. तिनं गाठ सोडली आणि हातात गोळी घेऊन उभी राहिली. आज नैवेद्य झाला की पुरणपोळी खावी लागणार. प्रसाद नाही म्हणता येत नाही, तोही आपल्याच हातचा. कमीत कमी दोन पोळ्या, वर आंबील, वर दुधातुपाची वाटी. एवढं गोड अंगात गेल्यावर मुंग्या काय, मुंगळे लागतील. डॉक्टरीणबाई उपासाला गोळी नको म्हणाली होती, हे तिला आठवलं. पण हा काही उपास नव्हता, बारा वाजता तर जेवायचंच होतं, आणि ते जेवणही असं. तिनं डोकं चालवलं. कुठं चालवायचं नाही तिथंच नेमकं चालवलं बाईनं. एकीच्या जागी दोन गोळ्या घेतल्या, वर घोटभर पाणी प्यायली, डोक्यावरून न्हाली आणि ओल्या लुगड्यानं चुलीपाशी जाऊन बसली.

नैवेद्य बाराचा. पण त्या वर्षी नणंद हिंगणघाटहून यायची होती, आणि लेकीशिवाय देवीपुढं ताट ठेवायचं नाही ही चतुराबाईची जिद्द. बारा वाजले, बस आली नाही. एक वाजला. मधल्या खोलीत दोघी महालक्ष्म्या नव्या लुगड्यांत उभ्या होत्या, वर फुलोरा टांगलेला, समोर पंचवीस-तीस बायका बसलेल्या. चतुराबाई उंबऱ्याशी बसून रस्त्याकडे पाहत होती. आत चुलीजवळ कौशल्याबाई एकटी.

पहिला घाम साडेबाराला सुटला. तिनं पदरानं टिपला. सहा वर्षं घामाचीच तर सवय होती. चुलीची धग, त्यात जुनी वाफ उठली असणार, येते तशी जाईल. पण ही वाफ गेली नाही, आणि गंमत म्हणजे अंग गरम नव्हतंच. घाम गार होता. हाताला लागला तर विहिरीच्या पाण्यासारखा. हे काही तिच्या ओळखीचं नव्हतं. दीडच्या सुमाराला पुरणपोळी लाटताना लाटणं हातातून निसटलं. तिनं हात समोर धरून पाहिला. बोटं आपोआप हलत होती. ओठांना मुंग्या आल्या. आणि पोटात अशी भूक उसळली की समोरचा पुरणाचा गोळा तसाच तोंडात कोंबावा.

तेव्हा तिला कळलं. घाम, थरथर, साखर तोंडात टाका. डॉक्टरीणबाईचं बोट तिला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं. समोर परातभर पुरण होतं, गुळाची ढेप होती, साखरेचा डबा होता. हात लांब केला असता तर पुरला असता. तिनं हात लांब केला नाही. नैवेद्याच्या आधी उष्टं झालं तर सगळाच स्वयंपाक बाद, तीस बायका उपाशी परत जाणार, आणि का खाल्लं हे सांगावं लागणार. ती स्वतःला म्हणाली, आता येईलच नणंदबाई, अजून थोडं. अगं बाई, जीव जात होता आणि ती परातीवर झाकण ठेवत होती. मरणाची भीती लांबची वाटत होती आणि बायकांची भीती दारात बसलेली होती.

अडीचला बाहेर गलका झाला. नणंद आली. चतुराबाईनं आतून ताट मागवलं. कौशल्याबाई मोठं पितळी ताट घेऊन उठली, भिंतीला खांदा घासत मधल्या खोलीत आली, आणि दोघी महालक्ष्म्यांसमोर उभी राहिली. तिला देवीचे मुखवटे चार दिसले. मग दिवे विझल्यासारखे कडेनं काळे पडत गेले. कोणीतरी ताट तिच्या हातातून घेतलं. तिच्या तोंडून आवाज निघाला, पण शब्द नाही. मान एका बाजूला गेली, सगळं अंग थरथरू लागलं, डोळे उघडे, आणि घाम निथळून जमिनीवर पडत होता.

"आली," कोणीतरी म्हणालं, "देवी आली अंगात."

मग काय विचारता! घंटा वाजू लागली. एकीनं तिच्या कपाळावर मूठभर कुंकू फासलं, दुसरीनं पायावर पाणी घातलं. तिला पाटावर बसवलं. आचल रडत रडत पाणी घेऊन पुढं आली, तर बायकांनी तिला मागं ओढलं, शिवू नको, आंघोळ नाई तुही, आई नोहे ती आता. शेवटची ओळ कौशल्याबाईला ऐकू आली. ऐकू सगळंच येत होतं, खोल विहिरीच्या तळातून ऐकावं तसं. एक बाई विचारत होती, आई, माह्या लेकाले नोकरी लागंल का. दुसरी विचारत होती, आई, कोप झाला का आमच्यावर. आणि कौशल्याबाई आतल्या आत ओरडत होती, साखर, साखर द्या, मी मरून राह्यली. जीभ तोंडात जाड होऊन पडली होती. तीस बायका तिच्याभोवती हात जोडून होत्या, घरात परातभर गोड होतं, आणि तिला कोणी घासभर देणार नव्हतं, कारण देवी मागत नाही. हे तिला इतकं लख्ख समजलं की त्या अंधारातही ती भ्यायली.

तेवढ्यात कोणीतरी तिचा हात धरला. म्हातारा, खरखरीत हात. चतुराबाईचा. तिनं सुनेच्या तळव्यावरून अंगठा फिरवला. मग वाकून नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी मोडली, अजून आरती व्हायची होती तरी मोडली, आणि पुरण काढून सुनेच्या गालात भरलं. बायका चरकल्या. चतुराबाई कोणाकडे न पाहता एवढंच म्हणाली, देवीले भूक लागली, उशीर झाला ना आपल्याकडून. दुसरा घास, तिसरा. मग आंबीलीत गूळ कुस्करून वाटी ओठाला लावली.

दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. कडेचा काळोख मागं सरला. मुखवटे चाराचे दोन झाले. कौशल्याबाईला आपले पाय दिसले, त्यावरचं कुंकू दिसलं, आणि समोर रांगेत बसलेल्या बायका दिसल्या. आरती झाली, पंगत उठली, पण तिला पाटावरून कोणी उठू देईना. बातमी गावात गेली होती. गावाबाहेरून, वस्तीवरून बायका येत होत्या, नारळ ठेवत होत्या, पायावर डोकं टेकत होत्या. सासू बाजूला बसून होती. तिनं सुनेचा हात सोडलाच नव्हता. कौशल्याबाईला वाटलं, म्हातारीचा भाव जडला. किती वर्षांची भक्ती, तिलाही खरंच वाटलं असणार.

चार वाजून गेले. बाहेर शकुंतलाबाईची सून नारळ घेऊन उभी होती. कौशल्याबाईच्या ओठांना पुन्हा मुंग्या आल्या.

जोर दिवसभर राहतो. बसून राहू नका. तिच्या मानेवर घामाचा पहिला थेंब आला, गार. ह्या वेळी तिला जुनी वाफ वाटली नाही. पुढं काय येणार ते आता ठाऊक होतं. थरथर, मग जीभ, मग तो काळोख. आणि एकदा खाऊन तृप्त झालेल्या देवीला दुसऱ्यांदा कोण भरवणार? तिनं तोंड उघडलं. मले साखरेची बिमारी आहे, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. समोर नणंद होती, आचल होती, आणि नारळ घेतलेली ती सून. सहा महिने जे गाठीत बांधून ठेवलं ते ह्या सगळ्यांच्या देखत सोडायचं. तिच्या घशातून ते काही केल्या निघेना. शरम म्हणा, भीती म्हणा, मरणाच्या दारात बसून बाई लाजत होती.

बोटं हलू लागली. तेव्हा तिनं मान वर केली आणि आवाज जाड केला. स्वतःच्या आवाजात जे जमलं नाही ते ती दुसरीच्या आवाजात बोलली.

"हे अंग मले अजून पाहिजे. याले सेवाग्रामच्या दवाखान्यात न्या. आत्ताच."

देवी दवाखान्यात पाठवते हे कोणी ऐकलं नव्हतं. एक म्हातारी पुटपुटली, असं कसं, देवीच्या अंगाले सुई लावाची का. नणंद म्हणाली, आधी गुरुजीले विचारू. कौशल्याबाईनं ओळखलं, आता हे विचारत बसणार, आणि ती इथंच संपणार.

पण चतुराबाई उठली होती. "हुकूम झाला तो झाला," ती म्हणाली. "किशोर, मॅटाडोर काढ."

भाजीचा मॅटाडोर होता, मागच्या फळीवर पालकाची पानं चिकटलेली. त्यात सतरंजी टाकून तिला बसवलं. आचल पुढं बापाजवळ बसली. मागं सासू आणि सून, दोघीच. गाव मागं पडलं तशी चतुराबाईनं पदराखालून गुळाचा खडा काढला आणि सुनेच्या तोंडात दिला. मग दुसरा. दुसरा चघळताना कौशल्याबाईला हुंदका आला. ती म्हणाली, आत्याबाई, देवी नव्हती, मीच होती.

"मले माईत आहे," चतुराबाई म्हणाली.

मॅटाडोर खड्ड्यांतून आपटत चालला होता. म्हातारी समोर पाहत बोलू लागली, कोणाला सांगत नसल्यासारखी. कौशल्याबाई लग्न होऊन ह्या घरी आली तेव्हापासून ऐकत होती, की थोरल्या सासूला, तानाबाईला, महालक्ष्मीच्या दिवशी देवीनं नेलं. नैवेद्य हातात घेऊन उभी असताना अंगात आलं, आणि देवी तिला घेऊनच गेली. ह्या घराचा मान त्यावर होता. लांबून लांबून बायका महालक्ष्मीला येत त्या त्यासाठीच. चतुराबाई म्हणाली, माही जाऊ होती ते. तिचा हात मी धरला होता. असाच ओला, असाच गार. आम्ही तिच्या कपाळाले कुंकू लावत राह्यलो, पायावर पाणी घालत राह्यलो, आरत्या म्हणत राह्यलो, दिवस बुडेपर्यंत.

"न्हाऊ घालताना तिच्या पदराच्या गाठीत गोळ्या सापडल्या," ती म्हणाली. "साखरेच्या बिमारीच्या होत्या. मी चुलीत टाकल्या, अन् लोकाईले सांगतलं देवीनं नेली."

कौशल्याबाईला त्या खोलीतला घंटेचा आवाज आठवला, आणि आपल्याआधी त्याच पाटावर बसून, त्याच बायकांच्या वर्तुळात, आतल्या आत साखर साखर ओरडणारी दुसरी बाई. तिचाही आवाज असाच कोणाला ऐकू गेला नव्हता. तिनं सासूचा हात आपल्या पदराच्या गाठीवर नेऊन ठेवला आणि म्हणाली, पहाटे दोन घेतल्या.

दवाखान्याच्या दारात मॅटाडोर थांबला तेव्हा कौशल्याबाईची मान पुन्हा कलली होती. आतून दोन माणसं खाट घेऊन धावली. कपाळभर कुंकू आणि कुंकवानंच लाल झालेले पाय पाहून त्यांतल्या एकानं विचारलं, हे काय, अंगात आलं होतं का? व्हरांड्यात बसलेले लोक वळून पाहू लागले. किशोरराव काही बोलणार तेवढ्यात चतुराबाई फळीवरून खाली उतरली. तिनं सुनेच्या पदराची गाठ सोडली, उरलेल्या गोळ्यांची पट्टी त्या माणसाच्या हातात दिली, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माह्या सुनेले साखरेची बिमारी आहे. सकाळी गोळ्या घेतल्या तिनं, अन् आम्ही तिले उपाशी ठेवलं."